लॅमिनेटच्या थरांमधला शिअर: शेल एलिमेंट की सॉलिड?

कंपोझिट लॅमिनेटच्या (तंतूंचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या पत्र्याच्या) दोन थरांमधला शिअर स्ट्रेस, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण, संगणकाच्या मॉडेलमधून काढण्यासाठी शेल एलिमेंट (सगळी जाडी एकाच पृष्ठभागात धरणारे तुकडे) वापरावेत की दर थराला एक सॉलिड एलिमेंट (खरी जाडी असलेला ठोकळा) द्यावा, हा प्रश्न मलाही पडला होता. 100 मिमी चौरस, 0.125 मिमीचे 16 थर आणि 2 मिमीची मेश (एलिमेंटची जाळी) घेतली, तर शेलचे 2,500 एलिमेंट होतात आणि सॉलिडचे 40,000. आजच्या संगणकाला तेही जड नाहीत, म्हणून मी आधी सॉलिडच निवडले होते.

मन शेलकडे फिरले ते एका कटकटीमुळे: सॉलिडमध्ये दोन थर जुळतात त्या एकाच सांध्याला दोन उत्तरे मिळत होती. सर्व थर एकाच दिशेचे असतील, तर वाकणाऱ्या पट्टीचा शिअर हाताने पडताळता येतो. तो जाडीभर पॅराबोलासारखा बदलतो आणि वरखालच्या पृष्ठभागांवर शून्य होतो. रिड्यूस्ड इंटिग्रेशनच्या (एलिमेंटच्या मध्यावर एकदाच ताण मोजणाऱ्या) रेखीय सॉलिडमध्ये मात्र एका थरात एकच मूल्य राहते. त्यामुळे वरून पाव जाडीवरच्या सांध्यावर कमाल मूल्याच्या 75 टक्के यायला हवेत, तेथे वरचा थर 68 सांगतो आणि खालचा 81. पृष्ठभागावर शून्याऐवजी 12 टक्के उरतात. सरासरीने या उदाहरणात निभावते, हे मान्य. पण तंतूंची दिशा 0 आणि 90 अंश असलेले थर एकाआड एक आले की कोणत्या बाजूचा आकडा अहवालात लिहावा, याचे समाधानकारक उत्तर मला सापडले नाही. एका थराचे तीन-चार एलिमेंट केले, तर तफावत कमी होते, पण मग मॉडेलही तितक्याच पटींनी वाढते.

शेलमध्ये हा शिअर समतोलाच्या समीकरणांतून मागाहून काढला जातो, त्यामुळे तो सांध्यांवर सलग राहतो आणि पृष्ठभागांवर आपोआप शून्य होतो. अबॅकस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो टीएसएचआर13 आणि टीएसएचआर23 या नावांनी मिळतो. मात्र मधले सेक्शन पॉइंट (जाडीतले ताण मोजायचे बिंदू) स्वतः मागावे लागतात, नाहीतर फक्त वरची आणि खालची टोके दिसतात, आणि तेथे शून्यच असते. पहिल्या दिवशी मी ते शून्य पाहून मॉडेलवरच संशय घेतला होता.

मोकळी कड, छिद्र किंवा थर संपतो ती जागा असेल, तर शेलवर विसंबू नये, कारण तेथे जाडीच्या दिशेचा स्ट्रेसही महत्त्वाचा ठरतो. तेवढ्या तुकड्याचे मी सॉलिडचे सबमॉडेल (मोठ्या मॉडेलची उत्तरे कडांवर लावलेले छोटे मॉडेल) करतो. तेथेही कडेवरच्या शिखराचा आकडा मेश बारीक करू तसा वाढतच जातो, म्हणून मी तो न घेता कडेपासून एक-दोन थरांच्या जाडीइतक्या अंतरावरची सरासरी घेतो.