‘१५ किलो उतरवून देतो’: हायाबुसा हलकी करण्याच्या नावाखाली होणारी फसवणूक

सुझुकी हायाबुसा या मोटरसायकलची सध्याची पिढी पेट्रोल-ऑइल धरून २६५ किलोच्या आसपास भरते. एवढी जड गाडी थोडी तरी हलकी व्हावी असं मालकाला वाटतंच, आणि नेमकं हेच हेरून त्याला ‘वेट रिडक्शन पॅकेज’ विकलं जातं. एक्झॉस्ट, बॅटरी, टायटॅनियम बोल्ट, चाकं, सगळ्याची मिळून एकच किंमत. अशा गाड्या नंतर उघडल्या की तेच तेच प्रकार सापडतात.

पहिली लबाडी वजन करतानाच होते. आधी टाकी भरलेली असताना गाडी तोलायची, काम झाल्यावर रिकामी असताना. टाकी २० लिटरची आणि पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो, म्हणजे पाना न लावता १५ किलो उतरले! कधी ट्रकच्या वजनकाट्याची पावती पुढे करतात. तसले बरेच काटे १० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात, त्यामुळे २६६ किलोची गाडी तिथे २७० आणि २६४ ची २६० दिसू शकते. दोन किलोंचे दहा होतात. खरं तर अख्खी गाडी तोलायची गरजच नाही. निघालेला भाग आणि त्याच्या जागी बसणारा भाग, ब्रॅकेट, क्लॅम्प, स्पेसर यांसकट साध्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तुमच्यासमोर ठेवायला लावा आणि फरक लिहून घ्या. काटा काढायला सांगितल्यावर जो दुकानदार चिडतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

वजन खरोखर उतरतं ते एक्झॉस्टमध्ये, म्हणून हातचलाखीही तिथेच जास्त. स्टेनलेसच्या पाइपला गॅसच्या ज्योतीने निळा-जांभळा रंग चढवून तो टायटॅनियम म्हणून विकतात. चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ म्हणतात, पण ३०४ ग्रेडचं स्टेनलेसही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. काही सायलेन्सरच्या डब्यांचं फक्त बाहेरचं कवच टायटॅनियमचं असतं. आतली जाळीची नळी, हेडर (इंजिनातून निघणारे पाइप) सगळं स्टीलच. त्याहून वाईट म्हणजे, कंपनीच्या एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) ‘वजनासाठी’ कापून दुकानातच ठेवून घेतात. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात त्याला वेगळा भाव मिळतो. तुमच्या हातात येतो तो पोकळ पाइप. त्यामुळे जुना एक्झॉस्ट काढल्याबरोबर तोला, फोटो काढा, आणि परत घेताना वजन पुन्हा जुळवा. वेल्डिंगची नवी शिवण दिसली तर तिथल्या तिथे जाब विचारा. आवाजाचा प्रश्न आहेच: नव्या एक्झॉस्टचा आवाज मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड बसू शकतो, आणि तो दुकानदार भरत नाही.

बोल्टच्या किटमध्ये पैसा जास्त जातो आणि हाती फार थोडं लागतं. एम-६ गुणिले २० चा (६ मिलिमीटर जाड, २० मिलिमीटर लांब) स्टीलचा बोल्ट सुमारे ७ ग्रॅमचा, टायटॅनियमचा ४ ग्रॅमचा. फेअरिंगचे (गाडीच्या बाहेरच्या आवरणाचे) ५० बोल्ट बदलले तरी १५० ग्रॅम वाचतात. तेही बोल्ट खरे असतील तर. रंगीत मुलामा दिलेले स्टीलचे बोल्ट सर्रास खपवले जातात. ओळखायची खात्रीशीर पद्धत घनतेची. एकाच जातीचे दहा बोल्ट तोला. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि तेच बोल्ट दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आता दिसणाऱ्या ग्रॅमने आधीच्या वजनाला भागा. उत्तर ४.४ ते ४.५ आलं तर टायटॅनियम, ८ च्या आसपास आलं तर स्टील, २.७ आलं तर ॲल्युमिनियम. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा.

टायटॅनियम निघालं तरी ग्रेड विचारा. ग्रेड ५ ची ताकद ९०० मेगापास्कलच्या आसपास, ग्रेड २ ची त्याच्या निम्म्याहूनही कमी. ब्रेक कॅलिपर, डिस्क किंवा ॲक्सलच्या जागी कंपनीने १०.९ दर्जाचा (जास्त ताकदीच्या स्टीलचा) बोल्ट दिला असेल, तर तिथे ग्रेड २ बसवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे: बोल्ट ताणला जातो, आटे जातात, पकड ढिली पडते. ॲल्युमिनियमचे बोल्ट तर फेअरिंगपलीकडे कुठेच नकोत. अस्सल ग्रेड ५ सुद्धा अँटी-सीझ पेस्ट न लावता कसला, तर आट्यांत जाम होतो आणि काढताना तुटतो.

लिथियम बॅटरीने दोन-अडीच किलो सहज वाचतात. इथे फसवतो तो ‘१२ एएच’ (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) हा आकडा. तो बऱ्याचदा लेड-ॲसिडच्या तुलनेतला असतो, खरी क्षमता नसते. खोक्यावर वॉट-अवर (साठवलेली ऊर्जा) शोधा आणि १२.८ ने, म्हणजे बॅटरीच्या व्होल्टने, भागा: ४८ वॉट-अवर म्हणजे ३.७५ एएच. अलार्म आणि जीपीएस ट्रॅकर मिळून १० मिलिअँपियर जरी खात असले, तरी उभ्या गाडीत ती दोन आठवड्यांत संपते. धोक्याचा प्रकार निराळाच. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलऐवजी ३.७ व्होल्टचे तीन सेल भरलेले असतात. ते १२.६ व्होल्टला पूर्ण भरतात, पण गाडीचं चार्जिंग १४ च्या वर जातं. सेल फुगतात, पेटूही शकतात. योग्य बॅटरी चार्ज करून काही तास ठेवल्यावर मीटरवर १३.२ ते १३.४ व्होल्ट दाखवते.

चाकांत फोर्ज्ड (दाबून घडवलेलं) सांगून ओतीव रिम देतात किंवा रेसमधून निवृत्त झालेली मॅग्नेशियमची जुनी चाकं रंगवून विकतात. रिमवर उत्पादकाची खूण, आकार आणि भारक्षमता कोरलेली नसेल तर घेऊ नका. २०० किलोच्या गाडीसाठीचं चाक हायाबुसाखाली, मागे माणूस बसवून, चालत नाही. जुनं चाक असेल तर रंग उतरवून डाय पेनिट्रंट तपासणी (रंगीत द्रव लावून बारीक तडे शोधणं) करून घ्या; पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हे काम नेहमीचं आहे.

एबीएसचं (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) युनिट काढून वजन कमी करणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.

बिलावर ‘एक्झॉस्ट किट’ एवढंच लिहून घेऊ नका. ‘टायटॅनियम ग्रेड ५, बोल्ट इतके, वजन इतके ग्रॅम’, ‘लिथियम आयर्न फॉस्फेट, इतके वॉट-अवर’, असं जीएसटी क्रमांकासह लिहून घ्या. ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, पण काय विकलं होतं हेच कागदावर नसेल तर तुलना कशाशी करणार? तक्रारीची मुदत दोन वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. दुकानदाराने बसवलेले पण नंतर काढलेले बोल्ट आणि बॅटरी तक्रार निकाली निघेपर्यंत फेकू नका, रागाच्या भरात दुकानात परतही देऊ नका. तोच तुमचा पुरावा.