शेल्टरमध्ये काम करावं की कुत्रं घरी फॉस्टर करावं?

कुत्र्यांसाठी काहीतरी करायचंय, पण कायमचं कुत्रं पाळणं सध्या जमणार नाही, हे ज्यांचं पक्कं आहे त्यांच्यापुढे साधारण दोन वाटा असतात. रेस्क्यू संस्थेच्या शेल्टरमध्ये ठरलेल्या वारी जाऊन काम करायचं, किंवा संस्थेकडचं एखादं कुत्रं कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवायचं, म्हणजे फॉस्टर करायचं. मी पुण्यात दोन्ही केलंय. बरीच वर्षं रविवारी शेल्टरमध्ये जायचो, आता घरी फॉस्टर करतो. दोन्ही कामं लागतात आणि एकावाचून दुसरं अडतं. तरी कोणी विचारलं तर माझं मत एका बाजूला झुकतं.

मुळात संस्थेकडे येणाऱ्या बहुतेक कुत्र्यांना घर नकोच असतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच नेऊन सोडायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं. मग २२ तारखेला तो आदेश बदलून, रेबीजची किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीची लस आणि नसबंदीनंतर मूळ भागात सोडावीत असं म्हटलं. तेव्हापासून मला भेटणारे बरेच जण 'सगळ्यांना शेल्टरमध्ये ठेवा ना' असं सहज म्हणतात. पण शेल्टर ही आयुष्य काढायची जागा नव्हे. जखम भरेपर्यंत आणि टाके निघेपर्यंत थांबायची जागा आहे. घर लागतं ते मोजक्यांना: आई गेलेली पिल्लं, पाय गमावलेली, आंधळी झालेली, आणि माणसांनी पाळून सोडून दिलेली. असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. वाचून वाईट वाटतं. घरात वाढलेलं लॅब्रेडॉर शेल्टरच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेलं पाहिलं की जास्त वाईट वाटतं. या दोन वाटांमधला फरक या मोजक्या कुत्र्यांपुरताच आहे.

शेल्टरच्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि तो आजही तसाच आहे. सकाळी पिंजरे धुणं, भात-चिकनची पातेली, गोळ्या दह्यात कालवून देणं, ड्रेसिंगच्या वेळी कुत्रं धरून ठेवणं. जखमेतल्या अळ्या चिमट्याने काढायला एकदा बसलात की माणूस घाबरतं ते नक्की कशाला, हेच विसरायला होतं. तिथे तुम्ही एका सकाळी कितीतरी जनावरांच्या उपयोगी पडता. घरी परतल्यावर आंघोळ केली की दिवस तुमचा असतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला, फिरतीची नोकरी असणाऱ्याला, घरात दम्याचा रुग्ण असणाऱ्याला हाच मार्ग बरा, यात मला शंका नाही.

फक्त पहिल्या दिवसाआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या: शून्य, सातवा आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा दिवस, असे तीन डोस. नंतर कधी दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचं. आधीची लस पूर्ण असली की पुढे दोनच डोस लागतात, सीरमची (जखमेत टोचतात त्या तयार प्रतिपिंडांची) गरज पडत नाही. ज्या संस्था स्वयंसेवकाला हे आधी विचारतात, त्या मला जास्त भरवशाच्या वाटतात.

मग मी तिथून घराकडे का वळलो? एकाच कारणाने, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते क्षुल्लक वाटेल.

शेल्टरमध्ये काही काळाने माझ्याकडे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांचे फोन आले. लोक चांगले असायचे, प्रश्नही रास्त असायचे. घरात एकटं राहतं का? शी-शूला बाहेर जायची सवय आहे का? आमच्याकडे सासूबाई काठी घेऊन चालतात, काठीला बिचकेल का? लहान मुलगी आहे, ताटाजवळ गेली तर गुरगुरेल का? या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर असायचं: माहीत नाही. मी त्या कुत्र्याला कितीतरी रविवार फिरवलेलं असायचं, त्याचा कान कुठे खाजवला की आवडतं तेही ठाऊक असायचं. पण पिंजऱ्यातल्या कुत्र्यापुढे ना सोफा येतो, ना दाराची बेल, ना कुकरची शिट्टी. मला माहीत असलेलं कुत्रं आणि त्या माणसाला हवं असलेलं कुत्रं ही दोन वेगळी जनावरं होती. 'बरं, विचार करून कळवतो,' असं म्हणून फोन ठेवला जायचा. ते कुत्रं पुढच्या रविवारी तिथेच असायचं, आणि त्याच्या पुढच्याही. दर वेळी हे ऐकणं मला असह्य होत गेलं.

एक काळी कुत्री होती, साधारण दोन वर्षांची. पायाला जखम झालेली म्हणून आणलेली. तिच्या पिंजऱ्यावर 'सांभाळून' अशी चिठ्ठी होती, कारण सकाळी साफसफाईला कोणी आत शिरलं की ती अंगावर धावून यायची. अशा चिठ्ठीवाल्या कुत्रीला कोण घर देणार? ती आमच्याकडे आली आणि पहिले काही दिवस दिवाणाखालून बाहेरच आली नाही. फॉस्टर करणाऱ्यांत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात: बिचकणं ओसरायला तीन दिवस, रुळायला तीन आठवडे, पूर्ण आपलं व्हायला तीन महिने. तो काटेकोर नाही, पण माझा अनुभव त्याच्या जवळ जाणारा आहे. हळूहळू ती बाहेर आली. केर काढायच्या कुंच्याशी तिचं काही भांडण नव्हतं. फरशी पुसायच्या मॉपच्या बाजूला ती झोपायची. एक दिवस आईने गॅलरी धुवायला खराटा काढला, आणि तीच गुरगुर, तेच धावून जाणं. शेल्टरमध्ये पिंजरे खराट्यानेच धुतात. कुत्री माणसांवर धावत नव्हती, त्यांच्या हातातल्या खराट्यावर धावत होती. खराटा घरात ठेवू नका, एवढी एक ओळ तिच्या माहितीत घातली. शिवाय ती एकटी शांत राहते, मांजराकडे बघत नाही आणि लिफ्टला घाबरते, हेही लिहिलं. चिंचवडचं एक कुटुंब येऊन तिला घेऊन गेलं. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं.

ही माहिती घराशिवाय मिळत नाही. शेल्टरमधल्या माणसांच्या मेहनतीत काही कमी असतं म्हणून नव्हे, ती जागाच वेगळी आहे. पिल्लांच्या बाबतीत तर वेळही हातातून जात असतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. तो काळ पिंजऱ्यात गेला की पुढे मिक्सरच्या आवाजालासुद्धा ते थरथरतं.

आता फॉस्टरिंगचा जाच. लोकांना वाटतं निरोपाचा त्रास सगळ्यात मोठा. असतो, पण ज्या घरी चाललंय ते घर आपण आधी जाऊन पाहिलेलं असलं तर तो सोसतो. माझ्या मते खरा जाच तारखेचा आहे. 'पंधराच दिवस ठेवा' म्हणून आलेलं कुत्रं महिनोन्महिने राहू शकतं, विशेषतः काळं, मोठं झालेलं किंवा मादी असेल तर. गणपतीला गावी जायचं असतं, आणि दिवाळीच्या फटाक्यांत त्याला एकटं टाकता येत नाही. म्हणून 'मी अमुक तारखेला नसेन, तेव्हा याला कोण घेईल?' हे संस्थेला पहिल्याच दिवशी विचारावं आणि उत्तर मेसेजवर लेखी घ्यावं. औषधपाण्याचा खर्च कोणाचा, रात्री अपरात्री कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, तेही त्याच मेसेजात.

सोसायटीचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण घरमालकाच्या भाडेकरारातलं कलम ही वेगळी गोष्ट, ते आधी वाचावं. आणि सूचनांचा कागद पुढे करण्याआधी शेजारच्या काकूंना दार वाजवून सांगावं की पुढचे काही दिवस रात्री थोडं रडणं ऐकू येईल. आमच्या मजल्यावर तेवढ्याने काम झालं.

दुसरी काळजी पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या विषाणूजन्य आजाराची, आणि तिच्याबद्दल लोक फार बेफिकीर असतात. लस पूर्ण न झालेलं पिल्लू घरी आणलं आणि ते आजारी निघालं, तर तो विषाणू फरशीवर, पायपुसण्यावर, बुटांच्या तळव्यांना महिनोन्महिने टिकतो. फिनेलवर विसंबू नका. एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी घ्यावं, फरशी आधी साफ करून ते पाणी दहा मिनिटं तसंच राहू द्यावं. जिथे ब्लीच लावता येत नाही अशी गादी, गालिचा टाकून द्यावा. घरात आधीच कुत्रं असेल तर त्याच्या लशी चालू आहेत ना, हे बघितल्याशिवाय पिल्लाला हो म्हणू नये.

एवढं सगळं असूनही, घर स्वतःचं असेल, दिवसभरात कोणी ना कोणी घरी असेल आणि घरच्यांची मनापासून तयारी असेल, तर मी फॉस्टरच करा म्हणेन. एका वेळी एकच कुत्रं हाताखालून जातं हे खरं. पण ते गेलं की शेल्टरमधला एक पिंजरा मोकळा होतो, त्यात रस्त्यावरचं दुसरं जखमी कुत्रं येतं, आणि गेलेलं कुत्रं बहुतेक वेळा परत येत नाही. ज्यांच्याबद्दल नीट माहिती देऊन पाठवलं ती टिकली आणि ज्यांच्याबद्दल 'माहीत नाही' म्हणून पाठवलं त्यांतली काही परत आली, असंच माझ्या पाहण्यात आहे. दुसऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो.

ज्यांना अजून ठरवता येत नाही त्यांनी दोन-तीन महिने शेल्टरमध्ये जावं. तिथेच कळतं की लघवीचा वास आणि रात्रीचं रडणं आपल्याला कितपत सोसतं. संस्था फॉस्टरना कशी साथ देते, तेही आतून दिसतं. मग पहिलं कुत्रं घ्यायचं ते मोठं घ्यावं, पिल्लू नको: लशी झालेलं, नसबंदी झालेलं, टाके निघालेलं. पावसाळा संपला की पिल्लांचा हंगाम सुरू होतो आणि संस्थांचे ग्रुप पिल्लांच्या फोटोंनी भरतात, तेव्हा हे लक्षात ठेवणं कठीण जातं. मोठ्या कुत्र्यासाठी मात्र त्या दिवसांत कोणी फोन करत नाही. त्याच्याबद्दल तुम्ही विचारलंत तर संस्थेतली माणसं त्याच संध्याकाळी त्याला तुमच्या दारात आणून सोडतील.