रेशीमबागची काकूंची मेस: मेळघाटातून शिकायला येणाऱ्यांनी नक्की लावा

दरवर्षी जून-जुलैमध्ये धारणी, चिखलदऱ्याकडून ॲडमिशनला येणाऱ्या पोरापोरींचे मेसेज येतात, ताई रूम भेटली, आता मेस कोणती लावू. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. नागपुरात रेशीमबागच्या मागच्या गल्लीत एका घराच्या पुढच्या खोलीत ही मेस चालते, बोर्ड वगैरे काही नाही, आजूबाजूला कोणालाही काकूंची मेस विचारलं तर दाखवून देतात.

दोन टाइमचे महिन्याला ३,०००. चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक पातळ भाजी, वरण-भात. बुधवारी ज्वारीची भाकर, झुणका आणि ठेचा असतो, तो दिवस चुकवू नका. रविवारी दुपारी कधी पाटवडी रस्सा कधी वडाभात. आपल्याकडे घरी तेल-मसाला कमीच असतो, नागपूरची तर्री सुरुवातीला पोटाला झेपत नाही, इथे तर्री वेगळ्या भांड्यात ठेवतात, पाहिजे त्याने वरून घ्यायची. पहिल्या महिन्यात आजारी पडून घरी परत जायचा विचार करणारी किती पोरं मी पाहिली आहेत, त्यामुळे ही गोष्ट मला तरी फार मोठी वाटते.

पण मी ही मेस सोडत नाही ते खाड्यामुळे, म्हणजे न जेवलेल्या दिवसाचे पैसे वळते होतात त्यामुळे. बाकी मेसमध्ये नियम असा की आदल्या दिवशी फोन करून सांगायचं आणि सलग तीन-चार दिवस नसाल तरच खाडा धरणार, आणि किती दिवस जाणार तेही आधीच सांगा. आता हे नागपूरच्या जवळपासच्या पोरांना जमते, आपल्याला कसं जमणार? नागपूरहून अमरावती दीडशे किलोमीटर, तिथून परतवाडा, मग घाट चढून सेमाडोह, हरिसाल, आणि त्याच्याही आत गाव असलं तर पूर्ण दिवस जातो, संध्याकाळची गाडी हुकली की मुक्काम. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दोन दिवस निघताच येत नाही आणि गावात रेंज नाही तर कळवायचं कसं. पहिल्या मेसमध्ये माझे असेच होळीच्या सगळ्या दिवसांचे पैसे बुडाले, होळी आपला सर्वात मोठा सण, पेपर जवळ असले तरी आपण घरी जातोच. काकूंकडे जाताना सांगून जायचं एवढंच, परत आल्यावर त्या स्वतः वहीत खाडे मांडतात आणि पुढच्या महिन्यात पैसे वळते करतात. एका दिवसाचाही खाडा धरतात. कधी वाद घातला नाही.

दुसरं पैशाचं. ज्यांना सरकारी होस्टेल भेटत नाही त्या आदिवासी (एसटी) पोरापोरींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, २०१६-१७ पासूनची. माझ्या मंजुरीत नागपूरसाठी वर्षाला ६०,००० होते, त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि वरखर्चाचे ८,०००. दहा महिने धरले तर जेवणाचे महिन्याला ३,२०० होतात, म्हणजे ही मेस त्यात बसते. अडचण एकच, पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, हप्त्याने येतात, हजेरी लागते आणि उशीरही होतो. काकू मंजुरीचा कागद पाहतात आणि पैसे आले की द्या म्हणतात, डिपॉझिटही मागत नाहीत. घरी बापाला फोन करून पैसे मागायची वेळ येत नाही, आणि तो फोन किती जड जातो हे ज्याने केला त्यालाच माहीत.

कमी काय आहे तेही सांगते. जागा छोटी आहे, रात्री साडेआठ-नऊला बाहेर उभं राहावं लागते. नऊनंतर भात संपलेला असतो. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद, नेमकी आपली गाडी रविवारी रात्रीच पोहोचते, तेव्हा येताना घरून भाकर बांधून आणा नाहीतर बस स्टँडवरच खाऊन घ्या, मी काकूंना डबा तरी ठेवा म्हणून सांगून पाहिलं पण त्यांनाही एक वेळ सुट्टी पाहिजेच ना.

नॉनव्हेज नाही. डबा रूमवर देत नाहीत, पण मैत्रीण आजारी असली तर आपण तिचा डबा भरून नेऊ शकतो.

जुलै अर्धा झाला की नवीन नाव घेत नाहीत, तेव्हा ॲडमिशनची पावती हातात आली की त्याच दिवशी सकाळी अकराच्या आत जाऊन भेटा, दुपारी गर्दीत काकूंना बोलायला वेळ नसतो.