स्मृतिचित्रे, स्वस्त आवृत्ती: मजकुराला पाच तारे, बांधणीला अर्धा

लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र चांगलं आहे हे सांगायला मी बसलेली नाही. ते शाळेतल्या धड्यापासून सगळ्यांना माहीत आहे. मी लिहितेय कारण ऐन पावसाळ्यात, आमच्या महिला मंडळाच्या प्रार्थनासभेत, मोठ्यानं वाचत असताना या पुस्तकाचा एक गठ्ठाच्या गठ्ठा सुटून माझ्या मांडीवर आला. तोही कुठला, तर लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतल्याची, म्हणजे ते ख्रिस्ती झाल्याची बातमी घरी येते तिथला.

लेखिका 1936 साली गेली. हक्कांची मुदत कधीच संपली, त्यामुळे हे पुस्तक आता कुणीही छापतं. मी घेतलेली आवृत्ती दुकानातल्या दुसऱ्या एका आवृत्तीच्या निम्म्याहून कमी किमतीची होती, म्हणूनच घेतली, लपवायचं काय त्यात! पण स्वस्त म्हणजे किती स्वस्त? पाठीला नुसता गम. जुजबंदी, म्हणजे घडीच्या पानांचे जुडगे दोऱ्यानं शिवणं, ते नाही. दोऱ्याचा एक टाका नाही. एवढ्या जाडीचं पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरल्याशिवाय उघडं राहत नाही, आणि दाबलं की पाठ कडकन मोडते. शिवाय आतला समास इतका अरुंद की ओळीचं शेवटचं अक्षर पाठीजवळच्या घळीत गेलेलं. चष्मा लावून वाचणाऱ्या बायकांनी पुस्तक दिव्याखाली तिरपं धरून वाचायचं का?

विक्रेत्याला फोन केला तर, 'मॅडम, परत करायची मुदत संपली. पुस्तक वापरलेलं दिसतंय.' अहो, वापरण्यासाठीच घेतलं होतं! फोटो पाठवले, मेल केले. उत्तर म्हणून पुढच्या खरेदीवर सवलतीचा एक कूपन नंबर आला. तो चाललाच नाही.

मग बाजारपेठेतल्या बाइंडरकडे गेले. त्यानं पुस्तक हातात घेऊन आधी हुंगलं, मग पाठीवर नख ओढलं आणि म्हणाला, 'ताई, सुटी पानं आहेत, घडीचे फॉर्म नाहीत. याची जुजबंदी होत नसते. कडेनं भोकं पाडून शिवून देतो.' त्यानं खळ लावली, कापडी पाठ चढवली, पुठ्ठ्याच्या आतला कोरा कागद, म्हणजे पोस्तीन, नवं घातलं. काम झकास. पण कडेनं शिवल्यामुळे आतला समास होता तोही गेला. आता काही पानांवर ओळीचा शेवट अंदाजानं वाचावा लागतो. पुस्तकाची किंमत अधिक शिवणावळ धरली तर चांगली आवृत्ती घरात आली असती, हा हिशेब नवऱ्यानं मला न विचारता करून दाखवला.

आता मजकुराकडे. हे पुस्तक मंडळात वाचायला घेतलं त्याला कारण होतं. आमच्याकडे रोजच्या मननाची पुस्तकं ढिगानं आहेत. वर एक वचन, मध्ये एक गोष्ट, खाली दोन ओळींची प्रार्थना. कुणाची नोकरी गेली, कुणाचं मूल आजारी पडलं, काहीही असो, पानाच्या तळाशी पोचेपर्यंत सगळं ठीक झालेलं असतं. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं ठीक झालेलं नाही, त्या बायका ते पान ऐकून गप्प बसतात. विश्वास, भरवसा, टिकणारं प्रेम असले विषय घेऊन लिहिलेल्या पुस्तकांवर माझा हाच राग आहे. त्यांत कुणी चिडतच नाही.

लक्ष्मीबाई चिडतात. नवरा न सांगता घरातून निघून जातो, हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळा होतो, आणि ही बाई ते सगळं हसत हसत, पण काहीही न झाकता सांगते. 1893 मध्ये टिळक रेल्वेनं राजनांदगावला चालले होते, तेव्हा डब्यातल्या एका गोऱ्या माणसानं त्यांच्या हातात बायबल ठेवलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बायकोला विश्वासात न घेता! इकडे ती लहान मुलाला घेऊन माहेरच्या माणसांच्या आधारानं दिवस काढते. रडणं आहे, संताप आहे, लोकांचं बोलणं आहे.

मंडळात यावरून जी जुंपली ती प्रार्थनासभेत याआधी कधी जुंपली नसेल. एक ताई म्हणाल्या, 'उपासनेत याच माणसाची गीतं म्हणतो ना आपण? बायकोला असं टाकून?' आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, 'टाकली नव्हती गं. पत्रं लिहीत होता, बोलावत होता. तिचं मन होईना.' 'मग तिच्या मनाचं आधी कुणी विचारलं होतं का?' पाळकीणबाईंनी शेवटी गीत सुरू केलं म्हणून थांबलं. गीत टिळकांचंच निघालं, त्यावर पुन्हा हशा.

खरं तर पहिले काही आठवडे माझं मत असं होतं की सुरुवातीचं बालपण गाळून सरळ लग्नापासून वाचावं. नाशिकजवळचं जलालपूर, वडिलांचं सोवळं, धुवाधुवी, शिवाशिव. पानंच्या पानं तेच. बायका पेंगायला लागल्या होत्या. आजोबांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं जे वेड शिरलं ते निघालंच नाही. मला वाटलं, यात विश्वासाचं काय?

पुस्तकात नगरकडच्या राहुरीपर्यंत पोचल्यावर मत बदललं. चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत येतात, पण सोवळं बरोबर घेऊनच. ते सुटतं ते कुणाच्या उपदेशानं नाही. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्या स्वतःशीच घोळवतात आणि उत्तर सापडल्यावर स्वतःच पाऊल उचलतात. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली. ज्या पोरीनं त्या घरात लहानपण काढलं, तिला दुसऱ्याच्या हातचं पाणी पिणं म्हणजे काय, हे पहिली पानं गाळणाऱ्याला कळणार नाही. त्या दिवशी आमच्यातल्या दोघी-तिघींनी आपापल्या आजीच्या गोष्टी काढल्या आणि वाचन दोन पानांपलीकडे गेलं नाही. मीही पुढे रेटलं नाही.

प्रेमाविषयी म्हणाल तर टिळक 9 मे 1919 ला गेले, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य ख्रिस्तायन दहा-अकरा अध्यायांवर थांबलेलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं त्याचे पुढचे 64 अध्याय लिहिले. ज्या माणसानं विचारलं नाही म्हणून इतकं रडली, त्याचंच अर्धवट काम. यावर भाष्य कुणी केलं नाही. 'चौसष्ट?' एवढंच पुन्हा विचारलं.

घेणाऱ्यांसाठी सांगते. टिळकांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली सटीप आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. लक्ष्मीबाई सनावळ्यांच्या फंदात पडत नाहीत, त्यामुळे टिपा लागतातच. माझ्या आवृत्तीत एकही टीप नाही, मागे सूची नाही, आणि ज्या पानावर छापणाऱ्याचा पत्ता असायला हवा तिथे त्याच्या इतर पुस्तकांची जाहिरात आहे. दुकानात गेलात तर आधी पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवा. आपोआप मिटलं तर परत द्या. पाठीचा गम पांढरा नि ठिसूळ दिसला तरी परत द्या.

मी आता सटीप आवृत्ती मागवली आहे, मंडळाच्या वर्गणीतून. शिवलेली जुनी प्रत मावशी घेऊन गेल्या आहेत. त्या म्हणतात, अक्षरं दिसली नाहीत तरी त्यांना पुढचं पाठ आहे.