साठपट झूमचा जुना कॅमेरा आणि लोरिकीट पोपट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात लेन्स बाहेर आली ती परत आत जाईना. दुकानात नेला तर म्हणाले, गिअर गेलाय, 310 डॉलर लागतील. कॅमेरा सेकंडहँड घेतला होता 240 ला! पावतीवर 'लेन्स तपासली' असं त्यांनीच लिहिलंय, पण सहा महिन्यांची हमी एप्रिलमध्ये संपली म्हणून हात वर केले. रागाच्या भरात लिहीत नाही, म्हणून मुद्दाम आठवडाभर थांबले.

झूम, वजन, बॅटरी यांवर भरपूर लिहिलं गेलंय. मी हा घेतला एकाच कामासाठी. मागच्या वर्षी जानेवारीत ब्रिस्बेनमधल्या आमच्या घरासमोर फुटपाथवर एक रंगीत लोरिकीट पडला होता. पाय आखडलेले, मान उचलत नव्हती आणि डोळा सताड उघडा. पापणीच लवत नव्हती. टॉवेल घातलेल्या खोक्यातून व्हेटकडे नेला. कळलं की हा लोरिकीट पॅरालिसिस सिंड्रोम, म्हणजे पक्ष्याला लुळं पाडणारा आजार. दक्षिण-पूर्व क्वीन्सलँड आणि उत्तर न्यू साउथ वेल्समध्ये दरवर्षी हजारो लोरिकीट याने आजारी पडतात, ऑक्टोबर ते जूनमध्ये, जास्त करून इथल्या भर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांना संशय आहे तो एखाद्या झाडाच्या फुलातल्या किंवा फळातल्या विषाचा. म्हणून त्यांनी लोकांना सांगितलं, लोरिकीट काय खातात त्याचे फोटो काढा आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका. तो पडलेला पक्षी डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ऑक्टोबरमध्ये कॅमेरा घेतला.

आणि फोकसने जीव खाल्ला. लोरिकीट दाट पानांत उलटा लटकून खातो. कॅमेरा हटकून पुढचं पान पकडतो. पानाची शीर न् शीर स्पष्ट, मागे हिरवा-निळा धूसर गोळा. मधल्या ठिपक्यावर फोकस बांधून पाहिला, थोडा फरक पडला, पण तेवढ्यात पक्षी दुसऱ्या फांदीवर. दहापैकी सात फोटो मी रोज संध्याकाळी पुसून टाकायचे. नोव्हेंबरअखेर माझं मत पक्कं झालं होतं: कुणीही घेऊ नका.

डिसेंबरात माझ्या एका नोंदीखाली कुणीतरी विचारलं, "पक्षी कळला, झाड कोणतं? पानाचा फोटो आहे का?"

नव्हता. आदल्या रात्रीच पुसला होता.

लोरिकीट तर इथे कुणीही ओळखतं. प्रश्न झाडाचा आहे, आणि नुसत्या फुलावरून झाड ओळखणं अवघड. त्या दिवसापासून एकही फोटो पुसला नाही. आता प्रत्येक वेळी तीन काढते: चोच फुलात असलेला, पान, आणि पूर्ण झाड. एकाच फोटोच्या दोन नोंदी करते, एक पक्ष्याची, एक झाडाची. बॉटलब्रश, अंब्रेला ट्री सहज ओळखले गेले. एका ताडवर्गीय झाडावर मात्र ओळखणाऱ्या दोघांचं अजून एकमत नाही.

म्हणजे दोष गुण ठरला का? अर्धाच. पक्षी मध चाटतोय की फळ फोडतोय, हे चोचीवरच दिसतं, आणि तिथे हा कॅमेरा अजूनही दगा देतो. ती माहिती हातची जाते याचं वाईट वाटतं.

जीपीएस नाही, जागा नकाशावर हाताने लावावी लागते. घड्याळही तपासा: माझं आधीच्या मालकाच्या सिडनीच्या उन्हाळी, म्हणजे तासभर पुढच्या वेळेवर होतं. क्वीन्सलँडमध्ये घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे पहिल्या सगळ्या नोंदी तासभर चुकल्या. एकेक उघडून दुरुस्त केल्या.

घ्यावा का? स्वस्तात मिळाला तर घ्या, पण दुकानातच लेन्स वीसेक वेळा आतबाहेर करून बघा. मी 310 देणार नाही. एका जुन्या कारागिराने 140 सांगितलेत, सप्टेंबरपर्यंत देतो म्हणालाय. ऑक्टोबरात आजाराचा हंगाम पुन्हा सुरू होण्याआधी कॅमेरा मला हातात हवाय.