आईला घेऊन लक्षद्वीप: ‘समुद्रम’ सहलीचा अनुभव

परत आल्यापासून सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, “आईंना झेपलं का?” झेपलं. पण बोटीत उतरायचं कसं ते आधी माहीत असतं तर माझ्या जिवाचा थरकाप झाला नसता, म्हणून लिहितेय.

लक्षद्वीपला परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. आमच्याकडच्या एका एजंटाने आगाऊ पैसे घेऊन परवान्याचं “होईल, होईल” करत तीन आठवडे घालवले. शेवटी तिथल्या प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या संस्थेकडे थेट ‘समुद्रम’ ही जहाजाची सहल घेतली, परवान्याचं त्यांनीच पाहिलं. जहाजाची तारीख पक्की झाल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नका. आम्ही रत्नागिरीहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेसने एर्नाकुलमला, म्हणजे कोचीला गेलो (जहाज तिथूनच सुटतं) आणि एक दिवस हाताशी ठेवला. पावसाळ्यात या सहली बंद असतात.

जहाज ‘एम. व्ही. कवरत्ती’. पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय. दिवस बेटावर, रात्री जहाजावर. केबिन स्वच्छ, पण एसी फार गार, शाल हवीच. जेवण साधं.

आता ते उतरणं. कल्पेनीला आमचं जहाज बाहेर खोल पाण्यातच थांबलं. जहाजाच्या कुशीतलं दार उघडतं, खाली छोटी बोट हेलकावत असते. लाटेने बोट वर आली की त्याच क्षणी पाय टाकायचा. आई ६८ वर्षांची, त्यात साडी. दोन खलाशांनी तिला दंडाला धरलं, एकजण “उम्मा (आई), आता!” म्हणाला आणि ती अलगद बोटीत बसलेली! त्या पोरांचे हात मी विसरणार नाही. तरी गुडघे दुखत असतील तर नीट विचार करा. सलवार-कमीज आणि पट्ट्याच्या चपला बऱ्या.

प्रवाळाच्या कड्याआत पाणी इतकं नितळ की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पायाची नखं दिसतात. आईने किनाऱ्यावरचा फांदीसारखा पांढरा प्रवाळाचा तुकडा हौसेने उचलला. बरोबरच्या मुलाने हात जोडून तो परत ठेवायला सांगितला. मेलेला असला तरी नेता येत नाही. मला ते मनापासून पटलं. ही बेटं उभीच आहेत प्रवाळावर, प्रत्येकाने एकेक तुकडा खिशात घातला तर कसं व्हायचं?

मिनिकॉय सगळ्यांत आवडलं. भाषा वेगळी, मह्ल. १८८५चं दीपगृह आहे, त्यावर मी एकटीच चढले. कुपा मासा इथे जाळ्याने नाही, काठी आणि गळाने एकेक करून धरतात. तो उकडून, धुरी देऊन, वाळवला की लाकडासारखा टणक होतो, त्याला मासमीन म्हणतात. आईने घरी आल्यावर तो ओल्या खोबऱ्यात घालून बघितला, सुक्या बांगड्यापेक्षा चव जरा गोडसर.

पुढच्या वर्षी बाबांनाही न्यायचंय. त्यांच्या गुडघ्यांचं मात्र आधी डॉक्टरांना विचारणार.