पूलवर हिवाळ्यात काय घालायचं: ताडपत्री, जाळी की अखंड विनाइल?

न्यू जर्सीत मागे पूल असलेलं घर घेतलं की पहिला उन्हाळा मजेत जातो. सप्टेंबर संपत आला की कव्हरचं कोटेशन हातात पडतं. त्यात साधारण तीन पर्याय असतात. एक, कडेने पाण्याच्या लांबट पिशव्या ठेवून दाबायची ताडपत्री. दुसरा, डेकमध्ये (पूलभोवतीच्या फरशीत) पितळी अँकर बसवून पट्ट्यांनी ताणलेलं जाळीचं सेफ्टी कव्हर. तिसरा, तसंच ताणलेलं, पण अखंड विनाइलचं. ताडपत्री काहीशे डॉलरमध्ये येते. बाकीची दोन बसवण्यासकट हजारांत जातात.

आकडे बघून लगेच ताडपत्रीकडे वळण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. कव्हर पूलला गोठण्यापासून वाचवत नाही. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि त्यात फुटतात ते पाइप, पंप, फिल्टर आणि हीटर. त्यांना वाचवायचं तर त्यांच्यातलं पाणी बाहेर काढावं लागतं. स्कीमरकडून (वरचं पाणी ओढून घेणारं भिंतीतलं तोंड) कंप्रेसरने हवा सोडायची, रिटर्नच्या, म्हणजे गाळलेलं पाणी पूलमध्ये परत सोडणाऱ्या, तोंडातून जोरात बुडबुडे यायला लागले की हवा चालू असतानाच तिथे प्लग घट्ट आवळायचा. मेन ड्रेनच्या, म्हणजे तळाच्या निचऱ्याच्या, पाइपात हवा भरून वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, म्हणजे पाणी परत वर चढत नाही. पंपाचे तळाचे प्लग काढून त्याच्याच बास्केटमध्ये ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये अख्खं गॅरेज उपसावं लागतं. स्कीमरमध्ये एक पोकळ प्लॅस्टिकची नळी बसवतात. बर्फ फुगला की ती चेपते आणि स्कीमर वाचतो. अँटिफ्रीझ घालायचंच असेल तर पूलसाठीचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. गाडीचं विषारी असतं, ते अजिबात नको.

पूल पूर्ण रिकामा करण्याचा ‘सोपा’ उपायही नकोच. जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने रिकामा पूल वर उचलला जाऊ शकतो आणि आतून विनाइलचं अस्तर (लाइनर) असेल तर ते आकसतं, फाटतं.

टेक्सासमध्ये बरेच लोक पूल बंदच करत नाहीत. थंडीच्या रात्री पंप चालू ठेवतात, कारण वाहतं पाणी सहजी गोठत नाही. फेब्रुवारी २०२१च्या वादळात डॅलसला पारा उणे १९ अंश सेल्सियसपर्यंत उतरला, वीज गेली, पंप थांबले आणि घरोघरी पूलचे पंप-पाइप फुटले. ह्यूस्टन-डॅलसच्या नातेवाइकांचा सल्ला न्यू जर्सीत लागू पडत नाही, तो यामुळेच.

आता कव्हर. घरात लहान मूल असेल, किंवा शेजाऱ्यांचं अंगणात येत असेल, तर ताडपत्री माझ्या मते यादीतून बाद. तिच्यावर पावसाचं पाणी साचतं, कडा आत सरकतात आणि वरून घट्ट दिसणाऱ्या त्या कापडावर कोणी पाय ठेवला तर ते कापडासकट पाण्यात जातं. सेफ्टी कव्हरवर एएसटीएम एफ१३४६ हे मानक छापलेलं असतं. दोन मोठी माणसं आणि एक मूल यांचं वजन पेलण्याची चाचणी त्यात आहे. ताडपत्री घेतलीच, तर पिशव्या काठोकाठ भरू नका, पाऊण भरा. बर्फाला फुगायला जागा लागते.

जाळी की विनाइल, हा खरा प्रश्न. जाळीतून पाऊस आणि वितळलेला बर्फ खाली उतरतो, वर काही साचत नाही, उचलायलाही ती हलकी. पण पाण्याबरोबर बारीक गाळ खाली जातो, थोडा उजेडही, आणि पाणी १५ अंश सेल्सियसच्या वर गेलं की शेवाळ धरतं. म्हणून जाळीवाल्याने पूल उशिरा बंद करावा आणि लवकर, एप्रिलच्या मध्याला, उघडावा. मेपर्यंत थांबलात तर पालकाचं सूप उघडाल. शिवाय पाऊस आत येत असल्याने पातळी वर चढते. मार्चमध्ये एकदा बघून थोडं पाणी काढावं लागतं.

विनाइलखालचं पाणी वसंतात जवळपास सोडलं तसंच मिळतं. मोबदल्यात वर साचणारं पाणी तुम्हाला काढावं लागतं. कव्हर-पंप लावायचा, गोठला तर आत आणायचा, पाऊस आला की परत ठेवायचा. आपल्या भारतीयांतली बरीच घरं डिसेंबर-जानेवारीत तीन-चार आठवडे भारतात असतात. तेव्हा पंपाकडे कोण बघणार? अशा घरांनी जाळीच घ्यावी. उलट ओक-मेपलच्या झाडीत पूल असेल, जूनशिवाय उघडायचा नसेल आणि हिवाळाभर घरात कोणी असेल, तर विनाइलचे जास्तीचे पैसे वसूल होतात. मधल्या भागात जाळीची पट्टी असलेलं विनाइलही मिळतं. पंप टळतो, पण थोडा गाळ आत येतोच.

दोन्ही सेफ्टी कव्हरांना एक अट सारखी आहे. बर्फ पडला की कव्हर झोळीसारखं खाली येतं आणि पाण्यावर टेकतं. बर्फाचं ओझं पट्ट्या नव्हे, ते पाणी पेलतं. पातळी फार उतरवली, किंवा लाइनरला गळती असली, तर खालचा टेकू जातो आणि पट्ट्या तुटतात, अँकर उपटतात. पाणी काठापासून साधारण १८ इंचांपेक्षा खाली जाऊ नये. जानेवारीत कव्हर नेहमीपेक्षा खोल गेलेलं दिसलं तर होजने पाणी भरा.

कंपन्या सेफ्टी कव्हरला १०-१५ वर्षांची वॉरंटी देतात, पण भरपाई दरवर्षी घटत जाते. ती ओळ वाचून घ्या. जमिनीवर उभ्या केलेल्या गोल पूलला मात्र सेफ्टी कव्हरचं हे काही लागू नाही. त्याला अँकर ठोकायला डेकच नसतो, तिथे कव्हरखाली हवेची उशी आणि दोरीने आवळलेली ताडपत्रीच.

आणि डेक पेव्हर्सचा (सुट्या फरसबंदी ठोकळ्यांचा) असेल तर कोटेशनमध्ये अँकर कसले धरलेत ते विचारा. काँक्रीटचे आखूड अँकर सुट्या पेव्हरमध्ये टिकत नाहीत, ताणाने पेव्हरच वर येतो. त्याखाली जमिनीत जाणारी लांब नळी लागते, तिचे पैसे वेगळे पडतात.